सिस्टरांचा राग

"कुनी सांगितलं?"

माझ्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने औषधाचं नाव पुरतं उच्चारायच्या आत हा प्रश्न यायचा. काउंटरच्या आतल्या बाजूला रक्तदाब मोजायचं यंत्र आणि एक प्लास्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीत पांढऱ्या केसांची, काठीसारखी बारीक बाई बसलेली असे. प्रश्न विचारताना ती उजवा तळवा उताणा करून पुढे धरी. जणू उत्तर त्यावर ठेवायचं होतं.

"शेजारणीनं सांगितलं."

"शेजारीन डाक्टर हाय?"

"नाही, पण तिला गुण आला."

"मंग तिलाच आजून घेऊ दे. तू कशाला घेतीस?"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघे. मी रॅककडे बघे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर आपण आपल्याच दुकानात पाहुणे होतो.

लोणावळ्यात वलवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. शनिवार-रविवारी घाट लागून उलट्या झालेले पर्यटक येतात, बाकीचे पाच दिवस आपली माणसं. सिस्टर वलवणलाच राहायच्या. त्यांचं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. सगळा मावळ त्यांना सिस्टर म्हणायचा. कान्ह्याच्या एका बौद्ध कुटुंबात जन्मल्या, घरातली पहिली शिकलेली मुलगी, आणि सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या नर्स. तालुक्यातली एकही वाडी अशी नसेल जिथे त्या लस घेऊन चालत गेल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून दुपारी माझ्या दुकानात येऊन लोकांचा रक्तदाब बघायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. रागवायच्या मात्र भरपूर.

त्यांच्या बोलीवरून राग मोजता यायचा. साहेबांसमोर त्या सरकारी अहवालासारखं शुद्ध मराठी बोलत. पारा चढू लागला की एकेक अक्षर गळू लागे, आणि 'आमी', 'न्हाई', 'लय' सुरू झालं की समोरच्याने पळायची वेळ झाली असं आम्ही समजायचो. माझ्या बाबतीत आणखी एक खूण होती. खूश असल्या की मी 'फार्मासिस्ट' असे. चिडल्या की 'दुकानदार'. दिवसातून तीन-चारदा माझी पदवी जायची आणि परत मिळायची.

मग ती आठवड्याची सुई आली.

तुम्हाला ठाऊकच आहे. पोटाला टोचायचं पेन, आठवड्यातून एकदा, भूक मंदावते, वजन उतरतं. मधुमेहाचं मूळ औषध, पण बंगल्यांमध्ये, जिममध्ये, पार्लरमध्ये त्याचं नाव असं घेतलं जाऊ लागलं जसं काही नवीन साबण आलाय. सुरुवातीला लोक परदेशातून आणायचे, पुढे इथेच मिळू लागलं. एका जिमचा ट्रेनर माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, चिठ्ठीबिठ्ठी नका मागू, माझ्या क्लायंटना मी बघून घेतो."

आतून आवाज आला, "तू कशानं बघतो? डोळ्यानं?"

"मॅडम, मी सर्टिफाइड आहे."

"कशात? वजनं उचलण्यात. मंग वजनं उचल."

तो गेला. दुसरीकडे मिळालं असणार त्याला. हे मला माहीत होतं आणि सिस्टरांनाही. पण "दुसरीकडं मिळतंय म्हनून आपन द्यायचं, हा कुटला न्याय?" एवढं म्हणून त्या पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळू लागल्या.

एवढ्यावरून तुम्हाला वाटेल की सिस्टर त्या औषधाच्या विरुद्ध होत्या. मलाही तसंच वाटलं होतं. कदम सर आले तेव्हा मी चुकलो हे कळलं.

कदम सर कामशेतला शाळेत शिकवतात. वजन शंभरच्या खूप पुढे, साखर वाढलेली, दोन जिने चढले की धाप. एके दिवशी ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून मला दाखवली. चोरी करायला आल्यासारखे.

"कुनी सांगितलं?" तळवा पुढे झाला.

सरांनी चिठ्ठी त्या तळव्यावर ठेवली. सिस्टरांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. "तळेगावचे डॉक्टर. रक्त तपासलं का तुमचं? घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आलेली का, हे विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"मंग डाक्टर बरा हाय. बसा."

पुढचा पाऊण तास सिस्टरांनी सरांचा तास घेतला. वार एकच ठरवायचा. सरांनी रविवार धरला. एखादा रविवार चुकला तर पुढच्या रविवारी दोन मात्रा घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. सुरुवात सगळ्यात लहान मात्रेने, वाढवायची ती डॉक्टर सांगतील तेव्हाच, शेजारच्याची वाढली म्हणून नाही. दर वेळी नवी सुई. पोटावर बेंबीपासून दोन बोटं लांब, नाहीतर मांडीवर, आणि दर वेळी जागा बदलून. पेन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट. "कचरा गोळा करनाऱ्या बाईच्या हाताला तुमची सुई टोचली तर मी शाळेत येऊन तुमाला छडी मारीन."

सर वहीत उतरवून घेत होते. अर्ध्यात त्यांनी विचारलं, "मिसेसचंही वजन आहे हो. तिला यातलंच थोडं दिलं तर? सुई बदलून."

"ताट वाटून घ्या, सर. टूथब्रश वाटून घेता का?"

"नाही."

"मंग? सुई बदलली तरी पेनात मागं रक्त जाऊ शकतं. आन त्यांना काय लागतंय ते त्यांच्या डाक्टरला ठरवू द्या."

सर निघताना त्या उठून दारापर्यंत गेल्या. "जेवन कमी जाईल, त्यात डाळ, अंडी, मटकी आधी खा. भात मागून. पानी आठवनीनं प्या. चाला, न्हाईतर चरबीबरोबर ताकदबी जाईल. मळमळ होईल, ती सोसते. पन पोटात कळ आली आन पाठीत गेली, न्हाईतर उलटी थांबंना झाली, तर थेट दवाखाना. साखरेच्या गोळ्या चालू हायेत ना? त्या कमी करायच्या का, ते विचारून घ्या. हातपाय थरथरले तर साखर खा."

चार-पाच महिन्यांत सरांचं वजन उतरलं. धाप थांबली. आणि लोकांची तोंडं सुटली. एकदा सर दुकानात असतानाच त्यांचे एक सहकारी हसत म्हणाले, "आमचे सर सुई टोचून बारीक होतायत. आम्ही मेले पहाटे उठून टायगर पॉइंटपर्यंत पळतो. आयतं काम झालं यांचं."

सर खाली बघू लागले. इतक्या मोठ्या माणसाला मी तसं खाली बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"दम्याचा पंप मारनाऱ्याला तुमी आयता श्वास घेतो म्हनता का?" सिस्टर म्हणाल्या.

"तसं नाही, सिस्टर, गंमत..."

"ह्यांच्या रगताची गंमत करायची न्हाई. मी बारीक हाय, त्यो काय माझा गुन न्हाई. सरकारनं तीस वर्सं चालवलं मला. तुमाला पळायला गुडघे हायेत, पळा. ह्यांना डाक्टर हाय, ह्ये औशिद घेत्यात. लाज कुनी धरायची त्यात?"

ते गृहस्थ डोकेदुखीची गोळी घ्यायला आले होते. न घेताच गेले.

म्हणजे सिस्टरांचा राग औषधावर नव्हता. न विचारता देणाऱ्यांवर होता, आणि विचारून घेणाऱ्यांना हसणाऱ्यांवर होता. हे मला समजलं होतं. तरीही पुढचं घडलं, आणि त्यात माझा हात होता. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

मंदा जवळच्या औंढ्याची. वलवणच्या धरणाच्या बाजूला एका बंगल्यावर स्वयंपाक आणि साफसफाई करायची. मालकीणबाई मुंबईच्या, बंगला सुट्टीत पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. मंदा पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली, कामाला वाघ. वीस माणसांचा स्वयंपाक एकटी उरकायची. एका मे महिन्यात मालकीणबाईंच्या मनात आलं की नोकरांना एकसारखा गणवेश हवा, पाहुण्यांच्या फोटोत छान दिसतं. शिवून आणले. मंदाच्या अंगाला तो बसेना. बटणं लागेनात.

आता साध्या माणसाला काय सुचलं असतं? दोन इंच कापड सोडायचं. पण बाईंना कापड बदलण्यापेक्षा मंदा बदलणं सोपं वाटलं. त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचं वापरलेलं पेन होतं, अर्धं उरलेलं. त्यांना आता पुढची मात्रा सुरू झाली होती, हे नको होतं. "घे," त्या म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा. फार महाग असतं, मंदा. दोन महिन्यांत गणवेशात बसशील."

पेनाबरोबर सुया नव्हत्या. त्या आणायला मंदा माझ्याकडे आली.

शनिवारची दुपार होती. काउंटरवर पर्यटकांची गर्दी, कुणाला उलटीची गोळी, कुणाला सनस्क्रीन. सिस्टर त्या दिवशी एका लग्नाला गेल्या होत्या. मंदाने पेनाच्या सुया मागितल्या. मी तिला बंगल्यावरची म्हणून ओळखत होतो. मॅडमना हव्या असतील असं धरून चाललो. डबी दिली. "कुणासाठी?" एवढा चार अक्षरी शब्द मी तोंडातून काढला नाही. वर्षानुवर्षं कानाजवळ एक बाई तोच प्रश्न विचारत असताना.

मालकीणबाई ज्या मात्रेपर्यंत महिने महिने चढत पोचल्या होत्या, ती मात्रा मंदाने पहिल्या दिवशी घेतली. दुसऱ्या दिवसापासून उलट्या. पाणीसुद्धा टिकेना. तिने बाईंना मुंबईला फोन केला. बाई म्हणाल्या, "होतं असं सुरुवातीला. औषध लागू पडतंय. सोडू नको." मंदाने सोडलं नाही. उलट्या जरा थांबल्या तशी ओकाऱ्या आवरत पाहुण्यांची जेवणं केली आणि पुढच्या शनिवारी परत टोचलं. सोमवारी बंगल्याच्या जिन्यात पडली. माळ्याने उचलून रिक्षात घातली.

सिस्टरांना कळलं ते मंदाच्या नवऱ्याकडून. त्या तशाच दवाखान्यात गेल्या, आणि संध्याकाळी दुकानात आल्या.

"अंगातलं पानी पार आटलंय. मूत्रपिंडांवर ताण आलाय. डाक्टर म्हनले, आजून एक दिवस गेला असता तर काय सांगता येत न्हवतं." त्या बसल्या नाहीत. "आन दुसऱ्याचं पेन वापरलंय. म्हनजे कावीळ, एचआयव्ही, सगळं तपासायचं. आता एकदा, आन तीन महिन्यांनी परत. तीन महिने त्या बाईनं दुसऱ्याच्या रगताचा संशय अंगात घेऊन फिरायचं."

मग त्यांनी विचारलं, "सुया कुटनं आनल्या तिनं?"

लोणावळ्यात मेडिकलची दुकानं काय कमी आहेत? मी गप्प बसलो असतो तर ते कधीच कळलं नसतं. मंदाही बोलली नसती. आणि कायद्याचं विचाराल तर सुया विकणं हा काही गुन्हा नव्हता. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, हे कबूल करतो.

"माझ्याकडून," मी म्हणालो.

त्या ओरडतील म्हणून मी अंग चोरलं. त्या ओरडल्या नाहीत. 'दुकानदार'ही म्हणाल्या नाहीत. काउंटरवरची त्यांची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? तिला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. मंदाच्या हाताला सलाइन होतं, ओठ फुटलेले. सिस्टर शेजारी स्टुलावर बसून तिला चमच्याचमच्याने क्षारांचं पाणी पाजत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, जागाही दिली नाही. उभ्यानेच मी म्हणालो, "मंदाताई, सुया कुणासाठी ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझी चूक झाली."

मंदा कसंनुसं हसली. "तुमी काय केलं, भाऊ? तुमी सुयाच दिल्या. बाईंनी तरी माझ्या भल्यासाटीच दिलंतं. माजंच पोट नाजूक निगालं."

हे ऐकलं आणि सिस्टरांच्या हातातला चमचा वाटीत आपटला.

"तुजं पोट नाजूक न्हाई! तुजं पोट ठणठणीत व्हतं! पुन्ना म्हनशील तर बघ!" सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "तू विचारलंस का न्हाई, ह्ये काय औशिद हाय म्हनून? नोकरी जाईल म्हनून टोचून घेतलंस. टोच म्हनली तर टोचलंस, उद्या इहिरीत उडी मार म्हनली तर मारशील? अगं, तुजं अंग हाय त्ये! बंगल्याचं सामान न्हवं!"

मंदा रडू लागली. सिस्टरांनी पदराने तिचं तोंड पुसलं, आणि रागातच पुढचा चमचा भरवला.

त्या शनिवारी सिस्टर बंगल्यावर निघाल्या. मला म्हणाल्या, "चल. तू सुया दिल्यास, तू साक्षीला." फाटकापासून दारापर्यंत त्या अहवालाचं मराठी मनात जुळवत असाव्यात, कारण सुरुवात फार सभ्य झाली.

"नमस्कार. मी मंदाच्या प्रकृतीविषयी बोलायला आले आहे. मी निवृत्त परिचारिका आहे."

मालकीणबाई सोफ्यावरून उठल्या नाहीत. पाहुणे यायची वेळ झाली होती. "मलाही फार वाईट वाटलं. पण मी तर तिला मदतच केली ना? किती महाग असतं ते, तुम्हाला कल्पना आहे?"

"महाग होतं म्हणून दिलंत. स्वस्त असतं तर फेकलं असतंत."

"हे बघा, दवाखान्याचा सगळा खर्च मी करते. विषय संपवू या."

"खर्च तुम्ही करणारच. मी त्यासाठी आलेली नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, तुम्ही दवाखान्यात येऊन तिच्याजवळ दहा मिनिटं बसावं, आणि चूक झाली म्हणावं. दुसरी, तुमच्या रक्ताची तपासणी करून रिपोर्ट डॉक्टरांना द्यावा. पेन तुमचं होतं."

बाईंचा चेहरा लाल झाला. "माझी तपासणी? मला काय समजता तुम्ही? आमच्या घरात असले आजार नाहीत."

"तिच्या घरातबी न्हवते," सिस्टर म्हणाल्या. अक्षरं गळायला लागली होती.

"तिला सांगितलं होतं मी, त्रास झाला तर कळव म्हणून."

"कळवलं तिनं! तुमी काय म्हनलात? सोडू नको! कुनी सांगितलं तुमाला आसं सांगायला? तुमच्या डाक्टरनं तुमाला थेंब थेंब चढवत नेलं, महिन्या-महिन्यानं बघितलं, रगत तपासलं. व्हय का न्हाई? मंग तिला डाक्टर का नको? तुमचं अंग अंग, आन तिचं अंग काय पायपुसनं?"

बाई उभ्या राहिल्या. "तुम्ही आता निघा."

"रिपोर्ट मिळाला की निगते." आणि सिस्टर बाहेर येऊन बंगल्याच्या पायरीवर बसल्या. मधोमध. मी शेजारी उभा. पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या. सामान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सिस्टर शांतपणे म्हणत, "या, बसा. या घरात उलट्या होऊन पडलेल्या बाईसाठी मी बसलेय." तिसऱ्या गाडीला बाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाठवते रिपोर्ट. आता कृपा करा."

चार दिवसांनी तो माझ्या मोबाईलवर आला. कागदाचा नुसता फोटो. खाली एक ओळ नाही, एक शब्द नाही. सगळं निर्दोष होतं. सिस्टरांनी तो डॉक्टरांना दाखवला, मंदाला वाचून दाखवला, आणि मग मला विचारलं, "दवाखान्यात आली व्हती का ती?" नव्हत्या आल्या. कधीच आल्या नाहीत. मंदा घरी आली तेव्हा बंगल्यावरून निरोप मिळाला की आता आराम कर, आम्ही दुसरी बाई बघितली आहे. दुसरी बाई गणवेशात बसणारी होती.

मला विचाराल तर त्या बाईंना शिक्षा झाली नाही याचा मला अजून संताप येतो. त्या वाईट माणूस होत्या असंही नाही. दिवाळीला नोकरांना साड्या देणाऱ्या, हसून बोलणाऱ्या. आपल्या हातून एक बाई मरता मरता वाचली, हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांना ते एक फसलेलं औदार्य वाटत होतं. असल्या चांगुलपणाला काय म्हणावं, ते मला मराठीत अजून सापडलेलं नाही.

सिस्टर पंधरा दिवस दुकानात आल्या नाहीत. लोक रक्तदाब मोजायला येत आणि परत जात. सोळाव्या दिवशी आल्या, यंत्राचा पट्टा तपासला, आणि म्हणाल्या, "काल सुया किती विकल्या? कुनाकुनाला?" मी सांगितलं. प्रत्येकाची चौकशी केली होती मी. एकाला तर परत पाठवलं होतं, आणि तो मला चार शिव्या देऊन गेला होता.

"शिव्या दिल्या?" त्यांनी खात्री करून घेतली.

"दिल्या."

"मंग बरं चाललंय," त्या म्हणाल्या.

मंदाला एका चिक्कीवाल्याकडे पॅकिंगचं काम मिळालं. तीन महिन्यांनी तिची दुसरी तपासणीही निर्दोष आली. सिस्टर तिला घेऊन तळेगावच्या त्याच डॉक्टरांकडे गेल्या, रीतसर. डॉक्टरांनी सांगितलं, सध्या सुईची गरज नाही, रक्तदाबाची गोळी मात्र हवी. इतकी वर्षं वाढलेला रक्तदाब तिला ठाऊकच नव्हता. सिस्टर त्यावरही चिडल्या. स्वतःवर. "धरनाच्या पल्याड ऱ्हाती, आन मी तिचा दंड कधी धरला न्हाई."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर सिस्टर गेल्या. सकाळी चहा टाकायला उठल्या आणि ओट्यापाशीच खाली बसल्या. त्यांचा मुलगा धावत येईपर्यंत संपलं होतं.

वलवणच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. हॉल भरून माणसं बाहेर मांडवात होती. त्रिशरण, पंचशील झालं, मग बोलणारे उठले. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, सिस्टर अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या. एक नगरसेवक म्हणाले, हसतमुख, मृदुभाषी, कधी कुणाला दुखावलं नाही. तिसऱ्याने वात्सल्यमूर्ती म्हटलं. कदम सर माझ्या शेजारी बसले होते, ते माझ्याकडे बघू लागले. ही कोण बाई? मेल्यावर माणसाला असं धुऊन, इस्त्री करून का ठेवतात? तिचा राग ही तिची आयुष्यभराची कमाई होती, आणि आम्ही सगळे मिळून ती तिच्याकडून काढून घेत होतो. उठून हे सांगावं असं मनात आलं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही. मी बसून राहिलो.

बायकांच्या बाजूने मंदा उठली. माईक तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तिने पदर खोचला आणि तशीच बोलली.

"सिस्टर शांत न्हवत्या. लय रागीट व्हत्या. माज्यावर दवाखान्यात आशा वराडल्या, का सगळी बघाया लागली." ती थांबली. माईक आता तिच्या पुढ्यात धरला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "बापानं मारलं मला, नवऱ्यानं मारलं, बंगल्याव बोलनी खाल्ली. माज्यावर लय जन चिडलं. पन माज्यासाटी कुनी चिडलं न्हवतं कदी. त्या चिडल्या."

आणि ती खाली बसली.